‘आउग्याइतिस बिर्युन’ : शब्द, स्वर आणि अर्थ

१

आइसलँडमधील ‘सिगुर रोस’ या वाद्यवृंदाची ‘आउग्याइतिस बिर्युन’ ही ध्वनिमुद्रिका जून १९९९ मध्ये त्या देशात प्रसिद्ध झाली. ब्रिटनमध्ये ती २००० साली व अमेरिकेत २००१ साली पोहोचली. आणि तोवर आपल्या देशाबाहेर फारशी ओळख नसलेल्या या वाद्यवृंदाला जागतिक कीर्ती लाभली. पर्यायी रॉक या संगीतप्रकाराच्या इतिहासात तिचे स्थान आता निर्विवाद मानले जाते. तथापि या कीर्तीत एक प्रश्न दडलेला आहे आणि तो संगीताच्या अभ्यासकाइतकाच भाषेच्या अभ्यासकाचाही आहे. ज्या श्रोतृवर्गाने ही ध्वनिमुद्रिका उचलून धरली, त्यातील बहुसंख्यांना तिच्यातील एकही वाक्य कळत नव्हते. १९९९ साली आइसलँडची लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या आसपास होती. त्या बेटाबाहेर ही भाषा जाणणारे थोडेच. मग या श्रोत्यांनी नेमके काय ऐकले?

या प्रश्नाला सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. पहिले असे, की संगीताला भाषेची गरजच नसते. स्वर थेट अंतःकरणाला भिडतो, शब्द हे केवळ निमित्त. दुसरे असे, की हा वाद्यवृंद मुळात एका कल्पित, निरर्थक भाषेत गातो. तेव्हा न कळण्यात श्रोत्याचे काहीच हरवत नाही. दोन्ही उत्तरे सोयीची आहेत, कारण दोन्ही श्रोत्याला भाषेच्या जबाबदारीतून मुक्त करतात. ती कितपत टिकतात हे या ध्वनिमुद्रिकेच्याच आधारे तपासून पाहणे आवश्यक आहे.

२

‘पर्यायी रॉक’ ही संज्ञा विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात रूढ झाली. मोठ्या कंपन्यांच्या वितरणव्यवस्थेबाहेर, छोट्या प्रकाशनसंस्थांच्या आणि अमेरिकेत महाविद्यालयीन नभोवाणी केंद्रांच्या आधाराने वाढलेले संगीत, असा तिचा मूळ अर्थ. १९९१ साली ‘निर्वाणा’ या अमेरिकन वाद्यवृंदाच्या ‘नेव्हरमाइंड’ला मिळालेल्या यशानंतर हा पर्यायच मुख्य प्रवाह बनला, आणि संज्ञेतील विरोधाची धार बोथट झाली.

आइसलँडमध्ये या चळवळीचे केंद्र म्हणजे १९८६ साली स्थापन झालेली ‘स्मेकलेइसा’ ही प्रकाशनसंस्था. या नावाचा अर्थच ‘रुचिहीनता’ असा आहे. तिच्याशी निगडित ‘शुगरक्यूब्ज’ हा वाद्यवृंद देशाबाहेर गाजला तो इंग्रजी गीतांच्या बळावर. काही गीते तर त्याने दोन्ही भाषांत गायिली, एक रूप घरासाठी व दुसरे जगासाठी. त्याच वाद्यवृंदातून पुढे आलेल्या ब्यर्क या गायिकेने १९९३ साली ‘डेब्यू’ या ध्वनिमुद्रिकेद्वारा जग जिंकले, तेही इंग्रजीतूनच. थोडक्यात, बेटाबाहेर पडणाऱ्याने इंग्रजीचा जकातनाका ओलांडलाच पाहिजे, हा त्या काळचा अलिखित नियम होता.

‘सिगुर रोस’ने हा नियम मोडला. जानेवारी १९९४ मध्ये योन थोर बिर्गिसन (योन्सी या नावाने परिचित), गेऑर्ग होल्म व आउगुस्त आइवार गुन्नारसन या तिघांनी हा वाद्यवृंद स्थापन केला. योन्सीच्या नवजात बहिणीचे नाव त्याला देण्यात आले. ‘सिगुर’ म्हणजे विजय आणि ‘रोस’ म्हणजे गुलाब. १९९७ साली निघालेल्या ‘वोन’ (आशा) या पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या पहिल्या वर्षात ३०० च्या आसपासच प्रती खपल्या. १९९८ मध्ये क्यार्तान स्वेन्सन हा वादक येऊन मिळाला. तंतुवाद्यांची रचना करण्याची विद्या त्याच्यापाशी होती. त्याच वर्षी इंग्रज निर्माता केन थॉमस याच्यासह दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेचे काम सुरू झाले. २००१ साली तिला अमेरिकेतील ‘शॉर्टलिस्ट’ पारितोषिक मिळाले. त्याच वर्षीच्या ‘व्हॅनिला स्काय’ व २००४ च्या ‘द लाइफ अक्वॅटिक’ या चित्रपटांत तिच्यातील गीते योजिली गेली. या सर्व प्रवासात गीतांची भाषा बदलली नाही, शीर्षकेही बदलली नाहीत.

३

निरर्थक भाषेच्या मताला पहिला धक्का बसतो तो शीर्षकांपाशीच. अर्थाविषयी उदासीन असलेला कवी शब्दांशी इतक्या बारकाईने खेळत नाही.

दुसऱ्या क्रमांकाचे गीत ‘स्वेप्न-ग-एन्ग्लार’ घ्यावे. आइसलँडिकमध्ये झोपेत चालणाऱ्यांना ‘स्वेप्नगेन्ग्लार’ म्हणतात. या सामासिक शब्दाचा पूर्वभाग ‘स्वेप्न’ म्हणजे निद्रा. संस्कृत ‘स्वप्न’ हा त्याचाच दूरचा भाऊ. उत्तरभाग ‘चालणारे’ या अर्थाचा. परंतु शीर्षकात मधला ‘ग’ दोन संयोगचिन्हांनी वेगळा काढला आहे. तो वगळला की उत्तरभाग उरतो ‘एन्ग्लार’, म्हणजे देवदूत. आणि झोपेत चालणाऱ्यांचे निद्रेचे देवदूत होतात. संस्कृत अलंकारशास्त्रात सभंग श्लेष म्हणतात तो हाच. विशेष असे, की हा श्लेष लिपीवाचून सिद्ध होत नाही; संयोगचिन्हे डोळ्यांना दिसतात, कानाला नव्हे. ज्या गीताला ‘केवळ ध्वनी’ म्हटले जाते, त्याचे द्वार अशा रीतीने लेखनात उघडते.

या गीताचे ध्रुपद म्हणजे वाक्यात न गुंफलेले एकच अक्षर. पण इंग्रजी भाषकांना त्यात पुष्कळदा स्वतःच्या भाषेतील सर्वनाम व क्रियापद ऐकू येते. कान रिकामा नसतो. अनोळखी ध्वनीवर तो आपल्या स्वनिमांची जाळी टाकतो आणि जे सापडेल त्याला अर्थ म्हणतो. संगीताला भाषा नसते असे सांगणारा श्रोताही प्रत्यक्षात भाषेवाचून ऐकत नाही. फक्त गीताच्या भाषेऐवजी तो स्वतःची भाषा ऐकतो.

चौथ्या गीताचे नाव ‘फ्लुगुफ्रेल्सारिन’, म्हणजे ‘माशीचा तारणहार’. उत्तरपदी येणारा शब्द ख्रिस्ताला लावला जाणारा आहे. पूर्वपद क्षुद्रतम जीवाचे. एका समासात इतके उंच व इतके खालचे पद जोडले की विनोद आणि करुणा एकदमच जन्मतात. सहाव्या शीर्षकात हृदयाची धडधड सांगून पुढे कंसात तिचा आवाजही लिहिला आहे. ‘धडधड’सारख्या अनुकरणवाचक शब्दांनी समृद्ध असलेल्या मराठीच्या वाचकाला त्याचे मर्म सांगावयास नको.

सर्वांत अर्थपूर्ण शीर्षक मात्र सातवे. ‘विद्रार वेल तिल लोफ्तआउरासा’ याचा अर्थ ‘हवाई हल्ल्यांसाठी हवा चांगली आहे’. १९९९ च्या वसंतात नाटो संघटनेने युगोस्लाव्हियावर बाँबहल्ले केले, आणि स्वतःचे सैन्य नसलेला आइसलँड त्या संघटनेचा १९४९ पासूनचा सदस्य आहे, हे लक्षात घेतले की या वाक्याचे गांभीर्य कळते. त्याची व्याकरणिक घडण आणखी बोलकी आहे. ‘विद्रार’ हे क्रियापद कर्त्यावाचून येते. मराठीतील ‘उजाडले’, ‘सांजावले’ या भावकर्तृक क्रियापदांच्या जातीचे. हवामान सांगण्याच्या निरुपद्रवी बोलीत बाँबवर्षाव आणून बसविला आहे आणि वाक्यात कर्ता नाही; म्हणजे व्याकरणदृष्ट्या बाँब कोणीच टाकीत नाही. राजकीय भाषेतील जबाबदारीचा लोप चार शब्दांत याहून नेमकेपणाने क्वचितच दाखविला गेला असेल. गीत एका भंगलेल्या सामाईक स्वप्नाविषयी बोलते व अखेरीस नव्या दिवसाकडे वळते. सुमारे दहा मिनिटांची ही रचना पियानो व तंतुवाद्यांच्या मृदू सुरांनी मन निववते. पण शीर्षक ठाऊक असणाऱ्याला तीच मृदुता बोचते. ज्याला शीर्षक कळले नाही, त्याने एक रम्य चीज ऐकली. दोघांनी ऐकलेले स्वर एकच होते. अनुभव मात्र एक नव्हता.

४

असे असता निरर्थकतेचा समज इतका दृढ का झाला? त्याचे कारण गायनाच्या पद्धतीत सापडते. योन्सी कृत्रिम उंच आवाजात गातो. त्या आवाजावर मोठ्या पोकळ वास्तूतल्यासारखा प्रतिध्वनी चढविलेला असतो. प्रतिध्वनीचा पहिला बळी म्हणजे व्यंजन. स्पर्शव्यंजन हे क्षणभराचा अवरोध व त्यानंतरचा स्फोट यांनी बनते; मागील स्वर घुमत राहिला तर तो अवरोधाचा क्षण भरून जातो आणि व्यंजनाची कड पुसली जाते. आइसलँडिकमध्ये स्वराचे ऱ्हस्व-दीर्घत्व पुढील व्यंजनांवर अवलंबून असते. बोलण्यात जो स्वर आखूड, तोही येथे कित्येक मात्रा लांबतो आणि ती व्यवस्था विस्कटते. परिणामी मूळ भाषकालाही शब्द कान देऊन शोधावे लागतात.

याच वेळी वाद्याच्या बाजूने उलट प्रक्रिया घडते. योन्सी गिटार चेलोच्या गजाने वाजवितो. गिटारचा स्वर एरवी छेडण्याच्या आघाताने जन्मतो आणि लगेच विरू लागतो. म्हणजे त्याच्या आरंभी जणू एक व्यंजन असते. गज फिरविला की हा आघात नाहीसा होतो व स्वर अखंड वाहतो. कंठ व्यंजने टाकीत वाद्याकडे येतो, वाद्य आघात टाकून कंठाकडे येते, आणि दोघे स्वराच्या एका समान भूमीवर भेटतात. या ध्वनिमुद्रिकेचा जो विशिष्ट नाद म्हणून ओळखला जातो, तो या भेटीतून निर्माण झालेला आहे. ही कल्पना संगीताची आहे तितकीच स्वनविज्ञानाची आहे, आणि तिच्यातच या कृतीचे मोठेपण आहे.

परंतु अस्पष्ट शब्द आणि अविद्यमान शब्द यांत भेद केला पाहिजे. पडद्यामागे कोणी उभे असणे आणि पडद्यामागे कोणीच नसणे, पडदा तोच असला तरी या दोन गोष्टी एक नव्हेत. मूळ भाषक त्या धूसर स्वरांमागे शब्द आहे हे जाणून ऐकतो. मधूनच एखादे पद स्पष्ट होते व पुन्हा बुडते, आणि या उमटण्या-बुडण्यातच त्याच्या आस्वादाचा मोठा भाग असतो. परभाषक श्रोत्याला धूसरता मिळते. जे धूसर झाले ते मिळत नाही. आनंदवर्धनाने व्यंग्यार्थाचा महिमा गातानाही वाच्यार्थाला दिव्याची उपमा दिली आहे. ज्याला प्रकाश हवा, त्याला दिव्याची काळजी घ्यावीच लागते. येथे तर अनेक रसिक प्रकाशाची स्तुती करताना दिवा नव्हताच असे सांगतात.

५

आता कल्पित भाषेचा विचार केला पाहिजे. तिचे नाव ‘वोनलेन्स्का’. ‘ईस्लेन्स्का’ म्हणजे आइसलँडची भाषा, त्या धर्तीवर ‘वोन’ म्हणजे आशा या शब्दावरून बनविलेले, ‘आशादेशाची भाषा’ अशा अर्थाचे. तिच्यात कोश नाही, व्याकरण नाही, अक्षरांना ठराविक अर्थ नाही. म्हणून शास्त्रीय दृष्ट्या तिला भाषा म्हणता येत नाही. ती कंठाचा वाद्यासारखा उपयोग होय. आणि येथे एक वस्तुस्थिती ठामपणे नोंदविली पाहिजे : या ध्वनिमुद्रिकेतील दहा रचनांपैकी संपूर्णपणे वोनलेन्स्कात गायिलेले गीत एकच आहे, आठव्या क्रमांकाचे ‘ओल्सेन ओल्सेन’. इतर गीते प्रायः शुद्ध आइसलँडिकमध्ये आहेत. एका गीताचे वर्णन सर्व कृतीला लावण्यात आले, आणि त्यात एका जिवंत भाषेची गणना निरर्थक ध्वनींत झाली.

निरर्थक अक्षरांचे गायन भारतीय वाचकाला नवे नाही. सामगायनातील स्तोभ, ख्याल गायकाचा तराणा ही त्याची परिचित उदाहरणे. मंत्रांना अर्थच नाही असे प्रतिपादणारा कौत्स आणि त्याचे खंडन करणारा यास्क यांचा वाद निरुक्तात आहे. तराण्याची अक्षरे मुळात फारसी-अरबी अर्थवान शब्द होत, असे उस्ताद अमीर खाँ यांचे मत होते. म्हणजे निरर्थक मानलेल्या अक्षराभोवती अर्थाचा शोध सतत घिरट्या घालीत आला आहे. तथापि ही तुलना फार ताणू नये. तराण्याची अक्षरे बहुतांशी दंत्य व्यंजनांवर उभी असतात, कारण त्यांना लयीची द्रुत गती पेलावयाची असते. वोनलेन्स्का स्वरप्रधान व विलंबित आहे, कारण तिला अवकाश भरावयाचा असतो. साम्य आहे ते एवढेच, की दोन्ही ठिकाणी अक्षरे आकाशातून पडत नाहीत. गायकाच्या कंठाला ज्या ध्वनींची व ज्या ध्वनिक्रमांची सवय आहे, तेच निरर्थकतेतही उमटतात. वोनलेन्स्का ही आइसलँडिकची छाया आहे. छायेला वस्तूवाचून अस्तित्व नसते.

६

या विवेचनाला सर्वांत बलवान आधार मिळतो तो रचनांच्या क्रमातून. ध्वनिमुद्रिकेचा आरंभ ‘इन्ट्रो’ या छोट्या तुकड्याने होतो. तो म्हणजे नवव्या क्रमांकाच्या शीर्षकगीतातील ध्वनीच उलटे फिरवून वाजविलेले. उलट फिरविलेल्या उच्चारात स्वर बव्हंशी टिकतात. स्पर्शव्यंजने मात्र ओळखू येत नाहीत, कारण स्फोट आधी व अवरोध नंतर अशी त्यांची घडण उलटते. म्हणून असे बोलणे भाषेसारखे वाटते आणि तरी कोणत्याच भाषेचे नसते. श्रोता प्रथम जे ऐकतो ते हे, अर्थाचे तोंड फिरविलेले रूप.

तेथून ध्वनिमुद्रिका श्लेष, उपरोध, प्रार्थना व प्रणय यांतून जात आठव्या गीतात शब्दमुक्त होते. ‘ओल्सेन ओल्सेन’ मंद्र वाद्याच्या साध्या आवर्तनावर सुरू होते, बासरी येते, आणि अखेरीस वाद्यमेळ व समूहाचा कंठ एक होऊन जणू उत्सव उसळतो. अर्थाविना मिळणारा आनंद येथे शिखराला पोहोचतो हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. शब्दमुक्ती हेच या कृतीचे ध्येय असते, तर तिने येथेच थांबावयास हवे होते.

ती थांबत नाही. त्याला लागूनच शीर्षकगीत येते, आणि ते सर्वांत साधे, जवळजवळ गद्य आहे. काही मित्र एकत्र बसून स्वतःचे ध्वनिमुद्रण ऐकतात, मन साशंक असते, सारे मनासारखे उतरलेले नसते, पुढच्या वेळी अधिक चांगले करू असे ठरते. एवढाच त्याचा आशय. आरंभी जे उलटे व अनाकलनीय ऐकू आले होते, तेच आता सुलट ऐकू येते आणि ते एक नम्र विधान ठरते. शेवटच्या ‘आवालोन’मध्ये तिसऱ्या गीतातील वाद्यध्वनी संथ गतीने विरत जातात. अशा रीतीने ध्वनीकडून शब्दाकडे, उलट्याकडून सुलट्याकडे हा या कृतीचा प्रवास आहे. ‘संगीताला भाषा नको’ हे तिच्याविषयीचे मत तिच्या रचनेच्या नेमके विरुद्ध जाते.

७

या ध्वनिमुद्रिकेचे दोषही सांगितले पाहिजेत. सुमारे सत्तर मिनिटांच्या विस्तारात मंद आरंभ, क्रमशः वाढ व प्रचंड उत्कर्ष हा आराखडा इतक्या वेळा येतो, की उत्कर्षाची अपेक्षा आधीच जागी होते व त्याचे आश्चर्य ओसरते. ‘आवालोन’ हा उपसंहार म्हणून क्षीण आहे. भव्यतेचा सोसही कोठे कोठे जाणवतो. तंतुवाद्ये थांबून केवळ गिटार व जवळून ऐकू येणारा आवाज उरतो, तो तिसऱ्या गीतातील क्षण म्हणूनच अधिक मोलाचा वाटतो.

अधिक महत्त्वाचा प्रश्न पुढील वाटचालीचा आहे. २००२ साली निघालेल्या ध्वनिमुद्रिकेला नाव म्हणून फक्त दोन कंस दिले होते. गीतांना शीर्षके नव्हती, सर्व गायन वोनलेन्स्कात होते, आणि सोबतच्या पुस्तिकेची पाने श्रोत्याने स्वतःचा अर्थ लिहावा म्हणून कोरी ठेवली होती. हा प्रयोग धीट होता. पण त्यात छाया होती आणि वस्तू दूर गेली होती. श्रोत्याला जे स्वातंत्र्य दिले गेले, ते त्याने न मागताच पूर्वी घेतलेले होते. २००५ च्या ‘टाक्क’ या ध्वनिमुद्रिकेत वाद्यवृंद बव्हंशी आइसलँडिककडे परतला, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. शब्द पुसट करण्याची कला शब्द असेपर्यंतच कला राहते.

छोट्या भाषेच्या दृष्टीने ‘आउग्याइतिस बिर्युन’चे यश दुहेरी ठरते. इंग्रजीचा जकातनाका न देता एक भाषा जगभर ऐकली गेली, हा विजय लहान नाही. परंतु ऐकली गेली ती पुष्कळदा भाषा म्हणून नव्हे, तर वारा, बर्फ व ज्वालामुखी यांच्या देशातला एक निसर्गध्वनी म्हणून. कोणत्याही भाषेला ‘किती गोड वाटते’ म्हणणे हा गौरव असतो. तेवढ्यावर थांबणे हा मात्र तिचा अनादर होय, कारण गोडी भाषकांनी केलेल्या अर्थाच्या व्यवहारातून आलेली असते. याचा दोष कवी-गायकांकडे जात नाही. त्यांनी श्लेष रचले, शीर्षके भाषांतरित केली नाहीत, आणि शब्दमुक्त उत्सवानंतर सर्वांत साधे वाक्य ठेवले. उरलेले काम श्रोत्याचे आहे.

शीर्षकाचा अर्थ या संदर्भात पुन्हा पाहण्याजोगा आहे. ‘आउग्याइतिस’ हे मुळात उत्कृष्टतावाचक नामाचे षष्ठीचे रूप; पण रोजच्या वापरात त्याची उष्णता उतरून ते ‘ठीक’, ‘बरे’ या अर्थाकडे झुकले आहे. मराठीतील ‘बरे’ हा शब्दही समाधान व राखून ठेवलेली स्तुती एकाच वेळी व्यक्त करतो. ‘बरी सुरुवात’ हे नाव म्हणूनच नेमके आहे, आणि ते केवळ वाद्यवृंदाला लागू नाही. न कळणाऱ्या भाषेचे गाणे आवडणे, ही त्या भाषेशी ओळख होण्याची बरी सुरुवात आहे. तिला शेवट मानले, तर मात्र जे ऐकले ते अर्धेच राहते.